पिन बसते म्हणून

चार्जर सहाशेला मिळाला होता,
बिनखोक्याचा, लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवर.
विकणाऱ्या पोराने माझ्याच बॅटरीत पिन घालून दाखवली.
बसली. लाल दिवा लागला.
मला वाटलं, एवढंच तर बघायचं असतं.

मग रोज रात्री अकराला
औषधांची शेवटची पिशवी पोचवून
बॅटरी कडेवर घेऊन तीन जिने चढायचे.
वजन नऊ किलो.
पहिल्या वाढदिवसाला तृषाचं होतं तेवढंच.

बोर्ड एकच, दाराशेजारी, चपलांच्या वर.
रात्री लावायचे, सकाळी काढायचे.
एकदा चार्जरवर ओढणी पडून राहिली,
तिला सकाळी इस्त्रीचा वास.
इस्त्री मी केली नव्हती.

परवा बॅटरी खाचेत सरकेना.
बघते तर पाठ फुगलेली,
तव्यावर भाकरी फुगते तशी,
आणि नेलपॉलिशसारखा गोडसर वास.

ऑगस्टिन वसईचा, दुकान कुर्ल्याला.
त्याने आधी हातच लावला नाही.
म्हणाला, आत नको, गल्लीत ठेव, त्या पत्र्यावर.
भोवती वाळू ओतली, पोरांना हाकललं,
मग चष्मा चढवून चार्जर उलटा केला.
मीटर लावला. अठ्ठावन्न पॉइंट आठ.
माझ्या बॅटरीवर लिहिलेलं, चोपन्न पॉइंट सहा.
"हा शिशाच्या बॅटरीचा, बाय. तुझी लिथियमची."
"पण पिन बसते."
"पिन बसली म्हणून सोयरीक होत नाही."

मार्क होता की त्यावर, मी म्हटलं.
त्याने नखाने खरवडला.
मार्क नखात आला.
मग चार स्क्रू काढून आतलं दाखवलं:
फ्यूजच्या जागी तारेचा एक तुकडा,
बाकी अर्धं घर रिकामं.

"लावतेस कुठे?"
दाराशी.
"आणि झोपता?"
आत.
तो काही बोलला नाही.
चष्मा शर्टाला पुसत राहिला, बराच वेळ.

घरी येऊन मी दारात उभी राहिले.
दार. चपला. बोर्ड. दहा बाय बाराची खोली.
समोर खिडकी, तिला ग्रिल.
ग्रिल मीच बसवून घेतली, चोरांच्या भीतीने.
वेल्डिंगची. उघडत नाही.
तृषाचा गणवेश तिच्यावर वाळत होता.

कंपनीचा चार्जर चोवीसशे.
एका पिशवीचे वीस रुपये मिळतात,
म्हणजे एकशेवीस पिशव्या.
रक्तदाबाच्या गोळ्या, खोकल्याची बाटली, डायपर,
असंच कुणाकुणाचं.
बॅटरी वेगळी, अठरा हजार, हप्त्यावर.
झाकीर म्हणाला, माझा मेव्हणा सात हजारात बांधून देतो,
जुन्या लॅपटॉपचे सेल, पळते झकास.
मी विचारलं, आत बीएमएस आहे?
सेल सगळे एका वयाचे?
बिल देतो? उद्या फुगली तर परत घेतो?
झाकीर हसला. "डॉक्टरीण झालीस काय?"
औषधंच तर वाहते, म्हटलं.
एक्स्पायरी बघायची सवय आहे.

आता दुपारी लावते, केमिस्टच्या फळीखाली,
लादीवर, डोळ्यांसमोर.
गाडी उभी केल्यावर आधी अर्धा तास निवू देते.
शेठ कुरकुरतात, विजेचे महिन्याला दीडशे घेतात.
हिरवा झाला की काढते.
रात्री आमचा बोर्ड रिकामा असतो
तरी दोनदा जाग येते,
हात लावून बघते. गार.

जुना चार्जर तृषाने मागितला, बाहुलीला टीव्ही म्हणून.
दिला नाही.
मासळीच्या कात्रीने त्याची वायर तोडली
आणि रद्दीवाल्यासमोर ठेवला.
तो उलटसुलट करून बघत म्हणाला,
"चालू होता काय?"
चालू होता, म्हटलं.
म्हणून तर तोडला.